धरतो कशाला, सोडतो कशाला

"काय गं सुमे, आलीस कधी? आणि मी हे काय ऐकते, तुझा जावई अमेरिकेत मासे गरवतो म्हणे?"

"हळू बोला, आक्का. सासूबाई पडवीतच बसल्यात. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

"सदाशिव पेठेतला, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा मुलगा शोधून लेक दिलीस. आणि तो तिकडे गरी टाकून बसला! बरं, खातो तरी का?"

"खात नाही, हेच तर. धरतो आणि सोडतो."

"सोडतो म्हणजे?"

"म्हणजे सोडतो. सकाळपासून कमरेएवढ्या गार पाण्यात उभा. मासा लागला की जाळीत घ्यायचा, तोंडातली गरी अलगद काढायची, पाण्यातच धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं आणि त्याला हुशारी आली की जाऊ द्यायचं. मग पुन्हा गरी टाकायची."

"अगो, कुणा डॉक्टराला दाखवलंत का त्याला?"

"डॉक्टर त्याच्याच शेजारी उभा होता, आक्का. तोही गरवत होता. नदीभर असलीच माणसं. न्यू जर्सीहून गाडीनं दोन-अडीच तासांवर कॅटस्किलचे डोंगर आहेत. तिथे बीव्हरकिल नदी आणि काठाला रॉस्को नावाचं एवढंसं गाव. जवळच लिव्हिंग्स्टन मॅनरला फ्लाय फिशिंगचं अख्खं संग्रहालय. मला घडीची खुर्ची टाकून काठावर बसवलं होतं. करते काय? ऐकत बसले. माणसं मासे धरतात कमी आणि एकमेकांबद्दल बोलतात जास्त. तुम्ही तिथे हव्या होतात."

"मासा कुठला? रावस?"

"ट्राउट. त्यातही ब्राऊन ट्राउट. आणि गंमत बघा, तो मूळचा तिथला नाहीच. १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी बोटीनं आणली. आपल्या काश्मीरलाही तो १९०० साली असाच विलायतेहून आला. लिद्दर नदीत अजून लोक परवाना काढून गरवतात."

"म्हणजे मासाही परदेशातून आलेला आणि जावईही. जमायचंच त्यांचं. गरीला लावतो काय? गांडूळ?"

"शिव शिव! तिथे गांडुळाचं नाव काढलंत तर वाळीत टाकतील. पिसं, लोकर, सशाचे केस, रेशमाचा दोरा. गरीवर गुंडाळून गुंडाळून किडा तयार करायचा. पंख, शेपूट, पाय, सगळं. त्याला फ्लाय म्हणतात."

"पण पिसाला वजन ते काय? फेकणार कसा? आमचे हे शिसं बांधायचे. शिसं पुढे जातं, तंगूस त्याच्यामागून जातो."

"तिथेच तर सगळी मेख आहे. इथे वजन किड्याला नाही, दोरीला. जाड रंगीत दोरी असते, फेकायची ती. किडा नुसता तिच्या टोकाला. काठी मागे नेली की दोरी डोक्यावरून मागे उलगडत जाते. ती पुरती सरळ होईस्तोवर थांबायचं आणि मग पुढे. पोतराजाच्या आसुडाचा विळखा हवेतून कसा पुढे सरकतो, तसा तो दोरीचा विळखा सरकतो. पण शेवटी आवाज नाही झाला पाहिजे. फट्ट वाजलं की समजायचं, घाई झाली आणि किडा तुटून गेला झाडीत. घड्याळ डोळ्यांपुढे धरून शिकवतात, काठी दहा आणि दोन यांच्यामध्येच फिरायला हवी. जोर लावायचा नाही, थांबायला शिकायचं. दांडगे पुरुष तिथेच मार खातात."

"ते कुठेही थांबत नाहीत, पाण्यात काय थांबणार?"

"पुढचं ऐका. त्या जाड दोरीला टोकाशी आठ-नऊ फूट पारदर्शक तंगूस बांधलेला. तो निमुळता होत होत शेवटी केसाएवढा, म्हणजे माशाला दिसू नये. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या मागून, खालच्या अंगानं जायचं. एवढं करून किडा पाण्यावर टेकला तरी संपत नाही. नदीच्या मध्याला पाणी जोरात, कडेला संथ. मधलं पाणी दोरीला ओढून नेतं आणि दोरी किड्याला फरफटवते. खरा किडा असा कधी पाण्यावर फरफटतो का? मासा बघतो आणि तोंड फिरवतो. म्हणून दोरी पडल्यापडल्या मनगटानं उचलून वरच्या अंगाला टाकायची, की किड्याला दोन-चार श्वास मोकळं वाहता येतं. तेवढ्यात मासा आला तर आला."

"इतकं सगळं? आणि शेवटी सोडून द्यायचा?"

"त्याआधी आणखी एक परीक्षा. नदीत उतरल्यावर जावई पहिल्यांदा काय करतो माहितीये? दगड उलथे करून बघतो. दगडाला खालून कुठले किडे चिकटलेत, कुठल्या रंगाचे, केवढे. मे-फ्लाय म्हणून एक किडा आहे. वर्षभर पाण्याखाली दगडाला धरून राहतो. मग ठरावीक दिवसांत हजारोंनी वर येतात, पाण्यावरच पंख फुटतात आणि उडतात. पंख फुटल्यावर त्याला खायला तोंडच उरत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, दिवसा-दोन दिवसांत खेळ खलास."

"मेला, एवढ्यासाठी वर्षभर पाण्यात काढायचं!"

"पण त्या दोन दिवसांत ट्राउट वेडा होतो, दुसरं काही खात नाही. त्या घटकेला वर आलेला किडा ज्या रंगाचा, ज्या मापाचा, तस्साच तुमच्या डबीत हवा. आकार एका नंबरानं चुकला तरी मासा शिवत नाही. आणि नंबर उलटे. चौदापेक्षा अठरा नंबरची गरी लहान, बावीसची तर तांदळाच्या कण्यांत हरवेल. त्यामुळे एकेकाकडे डब्या किती! त्याच्या जाकिटाला खिसे मोजले मी, शेवटी नाद सोडला. ते खिशांचं जाकीटही ली वुल्फ नावाच्या एका गरवणाऱ्यानंच १९३०च्या सुमाराला स्वतः शिवून काढलेलं."

"खर्च किती येतो गं याला?"

"जवळ या. भिंतीला कान असतात. काठी हजार डॉलरची."

"हजार?"

"लेकीला चारशे सांगितलंय. मला पावती सापडली, कपडे धुवायला टाकताना. मी गप्प बसले. तुम्हीही बसा."

"मी कशाला कुणाला सांगू? पण हजार डॉलरची काठी म्हणजे असते कसली? चांदीची?"

"ग्रॅफाइटची. १९७०च्या दशकापासून तीच चालते. त्याआधी काचतंतूची आणि त्याच्याआधी बांबूची. बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासायच्या आणि चिकटवून षट्कोनी काठी करायची. केसाइतकाही फरक चालत नाही. अजून काही लोक हौसेनं तीच वापरतात. आणि एकोणिसाव्या शतकात तो बांबू जायचा कुठून? आपल्या कलकत्त्याहून. नंतर चीनच्या टोंकिन बांबूनं त्याला मागे टाकलं. दोरीही तेव्हा रेशमाची. रोज संध्याकाळी रिळावरून काढून वाळत घालायची, नाहीतर कुजायची."

"म्हणजे नवऱ्याचे मासे नाहीत ते नाहीत आणि घरभर दोऱ्या वाळत. त्या काळच्या बायकांचं कौतुक."

"बायकांवरून आठवलं. कॅटस्किलमध्ये थिओडोर गॉर्डन म्हणून एक होते, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. प्रकृती तोळामासा, छातीचा आजार, म्हणून शहर सोडून नेव्हरसिंक नदीकाठी एकटेच येऊन राहिले. किडे बांधून विकायचे आणि पत्रं लिहायची. इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड नावाचे मोठे प्रस्थ होते, पाण्यावर तरंगणाऱ्या किड्यांवर त्यांनी १८८६ साली पुस्तक लिहिलेलं. गॉर्डननं त्यांना पत्र घातलं. १८९० साली हॅलफर्डनी पाकिटात घालून नमुन्याचे किडे पाठवले. गॉर्डननं बघितलं, की इंग्लंडचे किडे वेगळे, इथले वेगळे. तिथलं पाणी संथ, इथलं खळाळतं. मग त्यांनी इथल्या पाण्याला टिकतील असे नवे बांधले. अमेरिकेतली सगळी तरंगत्या किड्यांची परंपरा त्या पाकिटातून सुरू झाली म्हणतात."

"त्यात बाई कुठाय?"

"फोटोत. गॉर्डनबरोबर नदीत गरवणारी, लांब झग्यातली एक तरुणी. आपल्याला गरवताना मिळालेली सगळ्यात चांगली सोबत तिची, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पण नाव लिहिलं नाही. लग्न केलं नाही, १९१५ साली गेले. आजतागायत अभ्यासक शोधतायत, ती कोण म्हणून."

"शहाणा माणूस. गावात राहायचं तर नाव लिहून ठेवू नये."

"आणि ज्या नदीकाठी ते राहिले तो काठच आता नाही. न्यू यॉर्क शहराला पाणी हवं म्हणून १९५०च्या सुमाराला धरण बांधलं, सगळं पाण्याखाली गेलं."

"आपल्याकडे कोयनेला झालं तेच. पण त्या हॅलफर्डाचं काय झालं? प्रस्थ म्हणालीस, म्हणजे भांडण असणारच."

"कडाक्याचं! हॅम्पशायरात टेस्ट आणि इचेन या नद्या आहेत. चुनखडीच्या झऱ्यांचं पाणी, तळाचा खडान् खडा दिसतो. हॅलफर्डच्या मंडळींचा नियम असा, की तरंगता किडाच वापरायचा, तोही प्रवाहाच्या वरच्या दिशेनं आणि मासा वर येऊन खाताना दिसला तरच. दिसला नाही तर काठावर बसून राहायचं. पाण्याखाली किडा सोडणं म्हणजे बाटणं. आता स्क्यूज नावाचे एक वकील होते, साधे, सडेफटिंग. त्यांनी ट्राउटची पोटं तपासली. पोटात निघाले सगळे पाण्याखालचे, पंख न फुटलेले किडे. मग मासा जे खातो ते त्याला दाखवायचं नाही, हा कुठला न्याय? १९१० साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि पेटली की होळी!"

"मारामारी?"

"इंग्रज ते. मारामारी नाही, सभा. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात ठराव मांडून रीतसर वाद झाला. हॅलफर्ड तर १९१४ सालीच वारलेले, पण चेल्यांनी झेंडा सोडला नव्हता. स्क्यूज तेव्हा ऐंशीला टेकलेले. भर सभेत त्यांना धारेवर धरलं. त्याच वर्षी त्यांनी पन्नासहून अधिक वर्षं गरवलेलं इचेनचं पाणी सोडलं."

"म्हाताऱ्या माणसाला असं करतात? तेही किडा वर की खाली यावरून?"

"आणि जिंकलं कोण? नदीचा राखणदार. फ्रँक सॉयर. एव्हन नदीवर पगारी नोकर होता. दोरासुद्धा वापरला नाही त्यानं. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार धागे आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यात पाण्याखालचा किडा केला. आज जगात क्वचितच कुणाची डबी असेल, ज्यात तो नाही. जावयाकडेही खंडीभर."

"तरी म्हणते, पुरुषांचं हे असं. नियम करायचे, मग त्यावरून तोंड फिरवायचं. बायका नव्हत्या का कुणी यात?"

"होत्या की! इंग्रजीत या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६चा, म्हणजे आपले एकनाथ जन्मायच्याही आधीचा. त्यात वर्षाचे बारा किडे दिलेत. तो एका जोगिणीनं, ज्युलियाना बर्नर्सनं लिहिला असं परंपरा सांगते. पंडित मान्य करत नाहीत."

"बाईनं लिहिलं म्हटल्यावर पंडित कसे मान्य करतील?"

"जोन वुल्फ तर ऐकाच. १९५१ साली लांब फेकण्याच्या स्पर्धेत सगळे पुरुष, ही एकटी बाई, आणि पहिली आली. १९६०मध्ये तिची दोरी १६१ फूट गेली. ते खिशांच्या जाकीटवाले ली वुल्फ म्हटले ना, त्यांच्याशी पुढे लग्न केलं. बीव्हरकिलच्या काठी दोघांनी शाळा काढली. ते गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली. जोर नाही, मनगट आणि वेळ, एवढंच ती शिकवायची. आणि अमेरिकेत १९९६पासून एक संस्था स्तनांचा कर्करोग झालेल्या बायकांना फुकट नदीवर नेते. ऑपरेशननंतर खांदा मोकळा व्हायला जो व्यायाम सांगतात ना, दोरी फेकताना हात तसाच फिरतो. शिवाय चार बायका, नदी आणि गप्पा."

"हे बरं केलं त्यांनी. आमच्या धाकट्या जाऊबाईंना तेव्हा असं काही मिळायला हवं होतं. भिंतीवर बोटं चढवत बसायच्या बिचाऱ्या."

"पण मला सगळ्यात आवडली ती मेगन बॉइड. स्कॉटलंडच्या उत्तर भागात, ब्रोराजवळ समुद्रावर तोंड असलेलं तिचं झोपडं. वडील नदीचे राखणदार. लहानपणीच किडे बांधायला शिकली आणि जन्मभर तेच केलं. घरात कित्येक वर्षं वीज नाही, नळ नाही. खिडकीशी बसायचं, उजेड आहे तोवर. पुरुषी कोट, टाय घालायची, केस स्वतःच कापायची. सामन माशांच्या नद्यांवर तिच्या किड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. राजपुत्र चार्ल्स तिचं गिऱ्हाईक. आणि तिनं स्वतः जन्मात एक मासा धरला नाही."

"का?"

"मारवत नाही म्हणायची."

"आणि दुसऱ्यांना मारायला किडे बांधून द्यायची! वस्ताद होती."

"१९७१मध्ये तिला सरकारी पदक जाहीर झालं. ही गेली नाही. काय निरोप पाठवला? कुत्र्याकडे बघायला घरी कुणी नाही. शेवटी ते पदक चार्ल्सनी तिला दिलं. डोळे गेले तेव्हा काम थांबवलं. २००१ साली वारली. तिनं बांधलेले किडे आता कुणी पाण्यात टाकत नाही, चौकटीत लावतात."

"पण बायांनी धरलेत की नाहीत मासे कधी?"

"धरलाय की! विलायतेत गळानं धरलेल्या सगळ्यात मोठ्या सामनचा विक्रम एका बाईच्या नावावर आहे. जॉर्जिना बॅलँटाइन, टे नदी, १९२२चा ऑक्टोबर. चौसष्ट पौंड! दोन तास झुंजली, वडील होडी वल्हवत होते. अजून तो विक्रम मोडलेला नाही. मात्र पिसांच्या किड्यावर नव्हे, आमिष लावून."

"आणि सोडला असेल."

"नाही. पर्थच्या इस्पितळाला दिला. रोग्यांनी आणि तिथल्या माणसांनी खाल्ला."

"शाब्बास! पहिली शहाणी भेटली तुझ्या पुराणात."

"आता चोरीची गोष्ट ऐका. सामन मासा समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरतो, तेव्हा त्याचं खाणं बंद असतं. मग किड्यावर झेपावतो कशाला, ते धड कुणालाच सांगता येत नाही. भूक नाही म्हटल्यावर किडा खऱ्यासारखा हवा असंही नाही. म्हणून राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या साहेबलोकांनी त्यावर नुसती चैन केली. परदेशी नंदनपक्ष्यांची, क्वेट्झलची, कोटिंगाची पिसं. आज ते पक्षी कायद्यानं राखलेले, पण जुन्या पुस्तकातल्यासारखा हुबेहूब किडा बांधायचा छंद काही लोकांना आहेच. यातले बरेच जण गरवतही नाहीत. नुसते बांधतात. त्यातला एक अमेरिकन मुलगा, वीस वर्षांचा, लंडनला बासरी शिकत होता. २००९च्या जूनमध्ये एका रात्री ट्रिंग गावच्या संग्रहालयाची खिडकी फोडून आत शिरला आणि २९९ पक्षी सुटकेसमध्ये भरून आगगाडीनं घरी आला."

"जिवंत?"

"नव्हे, भुसा भरलेले, शे-दीडशे वर्षं जुने. त्यातले काही वॉलेसनी आणलेले. ते डार्विनच्या बरोबरीचे शास्त्रज्ञ, मलायाच्या बेटांवर तापानं फणफणत त्यांनी ते गोळा केले होते. संग्रहालयाला महिनाभर पत्ताच नाही. या पठ्ठ्यानं पिसं सुटी करून इंटरनेटवर विकली, म्हणे सोन्याची बासरी घ्यायची होती. पकडला गेला तोवर कित्येक पक्ष्यांच्या पायातल्या चिठ्ठ्या गेलेल्या. कुठल्या बेटावर, कुठल्या दिवशी मिळाला हे त्या चिठ्ठीवर. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीनं पक्षी मातीमोल. शिक्षा काय? बारा महिने, तीही स्थगित. कर्क वॉलेस जॉन्सन नावाच्या लेखकाला ही हकिगत नदीत गरवत उभा असताना त्याच्या वाटाड्यानं सांगितली. त्यानं सगळा माग काढून २०१८मध्ये पुस्तक छापलं."

"बघ, म्हणजे मासा न खाणारा, मासा न धरणारा, नुसता पिसांसाठी चोर झाला. माणसाला एकदा नाद लागला की काय सांगावं?"

"त्या नादाची एक तार आपल्या सह्याद्रीपर्यंत येते, आक्का. आपला राखी रानकोंबडा. नराच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे पिवळट ठिपके असतात बघा. ती पिसं सामनच्या किड्याच्या दोन्ही गालांना डोळे म्हणून लावतात. साहेबाच्या राज्यात इथून जहाजं भरून गेली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित झाला. आता इंग्लंडातच ते कोंबडे पाळतात आणि पिसं सोन्याच्या भावानं विकतात."

"आमच्या मागच्या रायीत रोज पहाटे ओरडतो मेला. मला वाटायचं, उगाच झोप मोडतो. एवढा मोठा माणूस निघाला होय!"

"साध्या कोंबड्याचंही तेच. कोलोरॅडोत व्हायटिंग म्हणून एक कुक्कुटशास्त्रातले डॉक्टर आहेत, त्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून फक्त पिसांसाठी कोंबडे तयार केलेत. लांब, ताठ, चकचकीत पिसं. २०११च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलींना अवचित ती केसांत माळायची लहर आली. टीव्हीवर एका गायकानं माळली म्हणून. झालं! केस कापायच्या दुकानवाल्या गरीच्या दुकानांपुढे रांगा लावून. पन्नास-साठ डॉलरचा पिसांचा जुडगा शेकडो डॉलरला गेला. म्हातारे गरवणारे कपाळाला हात लावून बसले. जावई अजून तो उन्हाळा काढतो बोलण्यात."

"मुलींनी केसांत घातली तर पाप, यांनी माशाच्या तोंडात घातली तर कला! ते राहू दे. मला एवढं सांग, सोडायचा तर धरायचा कशाला? छळच ना तो?"

"हा प्रश्न मी विचारला. जावई जरा गप्प झाला, मग म्हणाला, छळ नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण जिथे सगळे खायला लागले तिथे नदी रिकामी झाली, हे डोळ्यांपुढे आहे. ली वुल्फनीच १९३०च्या दशकात हा विचार पसरवला, की असला लढवय्या मासा एकाच माणसाच्या वाट्याला का यावा. बीव्हरकिलच्या काही पट्ट्यांत तर आता मासा घरी नेणं कायद्यानंच बंद आहे. आणि सोडायचेही नियम आहेत. गरीचा काटा आधीच दाबून टाकायचा, म्हणजे फाडत नाही. हात ओले करून मगच धरायचा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मासा रोगानं मरतो. फोटोसाठी हवेत धरून ठेवायचा नाही. आणि उन्हाळ्यात पाणी वीस अंशांवर तापलं की काठी गुंडाळून घरी. तापल्या पाण्यात सुटलेला मासाही जगत नाही."

"हं. हे शेवटचं बरोबर आहे. आमचे मामंजी होते ना, मृगाचा पाऊस पडला की वहाळातून चढणीचे मासे यायचे, गाबोळीनं भरलेले. सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा. मामंजी पहिले दोन दिवस आम्हाला हात लावू देत नसत. म्हणायचे, आधी वर जाऊन अंडी घालू देत, परत येतील तेव्हा खा. समुद्रावरही नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नसत. आता बघ, कुणी ब्लीचिंग पावडर ओततो, कुणी विजेची तार सोडतो. कोंडभर मासे पांढरे होऊन वर येतात, पोरं-पिल्लं सगळी. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून आमचा वहाळ मेलाय."

"आक्का, जावयाला इतकी वर्षं जे सांगता आलं नाही, ते तुम्ही सांगितलंत. ते लोक मुद्दाम अवघड करून ठेवतात. गांडूळ नको, पीसच हवं. दोरी केसाएवढी. काटा दाबलेला. मासा सुटायची सोय आधीच करून ठेवायची. भांडतात तेही त्यावरूनच, की किती अवघड करायचं."

"सोपं केलं की नदी संपते, एवढं खरं. पण मग आपल्याकडे नाहीत का गं अशा नद्या?"

"आहेत ना! पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महाशीर, खडशी म्हणतात तो. कर्नल साइक्सनं १८३९ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. पुढे धरणं आली, घाण आली, तो दिसेनासा झाला. मग लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवायला घेतली. लाखांनी वाढवली, देशभर दिली. त्यातली काही कावेरीत सोडली आणि तिथे भलतंच झालं. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महाशीर आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही. आपला तिथे माजला आणि तो मागे पडला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला."

"परक्या घरी पोर पाठवताना दहा वेळा बघावं लागतं. माशाला कोण बघणार? पण महाशीर म्हणजे महाडकडच्या वाळणकोंडीतले ना? आमची आजी नवस फेडायला न्यायची. काळ नदीचा कोंड. चुरमुरे टाकले की हे एवढाले काळे मासे तोंड वासून वर यायचे. देवीचे मासे. कुणी गरी टाकायची नाही, कुणी खायचा नाही. तुझ्या जावयाच्या आधीपासून आमच्याकडे सोडून दिलेलेच आहेत की!"

"त्याला ते दाखवायचंय. डिसेंबरात येतायत दोघं. नुसतं बघेन म्हणतो, काठी आणणार नाही."

"आण म्हणावं काठी. वाळणकोंडीत नको, देवीचं ते देवीचं. पण आपल्या खाडीवर भरतीला आमचा नातू नेईल त्याला, बोयटं उड्या मारतात नुसती. येईल का त्याच्या पिसाला एखादं?"

"काय सांगावं? अवघड असेल तर त्याला आवडेलच."

"आणि लागलं तर सोडायचं असेल तर तिथेच सोडायचं, खाडीत. माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला मासा मी परत पाण्यात जाऊ देणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव. खोबरं, त्रिफळं तयार असतील. तू नको खाऊस, तुझी लेक खाते. अशी बघतेस काय? गेल्या मे महिन्यात माझ्याकडे तीन दिवस जेवली, विचार तिला."

"आक्का!"

"हळू बोल. सासूबाई पडवीतच आहेत."